वाऱ्याची रात्र, बिनवाऱ्याची रात्र: महाल ते फेटरी तापमान नोंदी

१४ डिसेंबर

नागपुरात काटोल रोडनं रात्री गाडीवर परत येणाऱ्याला वेगळं सांगायला नको. गोरेवाड्याच्या आसपास कानटोपी खाली ओढावी लागते आणि काटोल नाका ओलांडला की तीच नकोशी होते. शहर रात्री गरम राहतं, भोवतालची गावं थंड होतात, यात नवीन काही नाही. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मोजून ठेवलं आहे. मला मोजायचं आहे ते एवढंच: रात्री वारा सुटला की हा फरक किती उरतो, आणि जो कमी होतो तो कशामुळे.

जागा ठरल्या. महाल या शहरातल्या जुन्या, दाट वस्तीत मामीच्या घरासमोरची गल्ली आणि त्याच घराची गच्ची. दुसरीकडे गोरेवाड्याच्या पलीकडे, फेटरी गावाला ओळखीच्या काकांचं वावर. तिसरी नोंद सोनेगाव विमानतळाची. ती फुकट मिळते, दर अर्ध्या तासाला.

दर केंद्राला नोंदी घेणारा एक ईएसपी३२ बोर्ड, तापमान आणि आर्द्रता मोजणारा एसएचटी३१ सेन्सर, डीएस३२३१ घड्याळ, मेमरी कार्ड आणि चार्ज होणारे दोन १८६५० सेल. एका केंद्राचा खर्च १,६०० रुपयांच्या आसपास गेला. वारा मोजणारा कपवाला अ‍ॅनिमोमीटर ३,२०० ला पडला. वायफायच्या भानगडीत पडलो नाही. आठवड्यातून एकदा जाऊन कार्ड काढून आणायचं.

सेन्सर आणि बोर्ड एकाच डबीत बसवू नका. बोर्ड स्वतः गरम होतो आणि डबीतली हवाही तापवतो. मी सेन्सर मीटरभर वायरनं बाहेर काढला, तेव्हा घरातल्या घरातच आकडा सव्वा अंशानं उतरला.

२१ डिसेंबर

सगळे सेन्सर एकाच टेबलावर ठेवले तर कुणाचं कुणाशी जुळेना. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांत ०.७ अंशाचं अंतर. दोन जागांतला फरक हाच ज्याचा विषय आहे, त्याला हे परवडणारं नाही.

बर्फाची परीक्षा घेतली. लस्सीवाल्याकडून बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून बत्त्यानं बारीक केला, थर्मासमध्ये भरला आणि फटी भरतील इतकंच पाणी घातलं. बर्फ कमी आणि पाणी जास्त झालं तर तळाशी पाणी चार अंशांपर्यंत असू शकतं, म्हणून ढवळत राहायचं. एसएचटी३१ पाण्यात बुडवता येत नाही. त्यामुळे स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० हा दुसरा तापमान सेन्सर आधी शून्यावर तपासला. मग त्याच्याशेजारी सगळे एसएचटी३१ भोकं पाडलेल्या एका खोक्यात टांगले आणि काही रात्री तसेच राहू दिले. प्रत्येकाची दुरुस्ती लिहून ठेवली. एक डीएस१८बी२० बर्फात १.४ दाखवत होता. नक्कल असावी. तो बाजूला काढला.

कुणी म्हणेल इतकी काटेकोरी कशाला. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडलेला होता. त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर ४४ च्या आसपास होतं. छप्पन्न आकडा पाहून शंका तरी येते. अर्ध्या अंशाची चूक मात्र कुणाच्या डोळ्यावर येत नाही आणि वर्षभर तुमच्या नोंदींत मुक्काम ठोकते.

२९ डिसेंबर

सेन्सरवरचं छत्र कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशांचं केलं. सहा बशा, मध्ये स्पेसर, आरपार थ्रेडेड रॉड. २४० रुपयांत काम झालं.

गल्लीतलं केंद्र विजेच्या खांबाला न लावता मामीच्या खिडकीच्या गजातून पुढे काढलेल्या पाइपाला बांधलं, भिंतीपासून हातभर लांब आणि जमिनीपासून अडीच मीटरवर. मामींनी खालून पाहून विचारलं, "हे काय लटकवून राहिला रे? कावळ्यांसाठी आहे का?" गच्चीवरचं आधी कठड्याला बांधलं होतं, पण संध्याकाळी तिथे हात लावला तर कठडा चांगलाच गरम लागला. म्हणजे हवा सोडून मी सिमेंटच मोजत होतो. ते सोडवून दोन मीटरच्या पाइपावर, गच्चीच्या मधोमध नेलं.

छत्राचा एक तोटा रात्री कळतो. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की बशा स्वतःच हवेपेक्षा थंड होतात आणि आकडा खाली ओढतात. फेटरीला दोन रात्री शेजारी दुसरं छत्र लावून त्यात कॉम्प्युटरचा छोटा पंखा फिरवून पाहिला. पंख्याविना ०.४ नं कमी दाखवत होतं. पंखा बॅटरी खातो, त्यामुळे कायमचा लावला नाही. ही चूक मनात धरून पुढचे आकडे वाचा. शांत रात्री फेटरीचा खरा आकडा नोंदीतल्याहून किंचित वर आहे.

९ जानेवारी

पहिल्या आठवड्याचा डेटा काढला आणि त्यातला बराचसा फेकला.

एक कारण घड्याळाचं. विमानतळाच्या नोंदी जागतिक वेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात आणि तारीखही बदलते. माझ्या पहिल्या आलेखात महालातला उकाडा सूर्यास्ताच्या आधीच सुरू झालेला दिसत होता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या नोंदींत तापमान पूर्ण अंशात असतं आणि वारा नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद. दिशा वारा कुठून येतो ती असते, कुठे जातो ती नव्हे.

दुसरं कारण पाण्याचं. फेटरीचं केंद्र गव्हाच्या बांधावर होतं. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीला होती, काका रात्री पाणी देत होते, आणि ओलीत चालू असलेल्या रात्री तिथला आर्द्रतेचा आलेख सरळ वर चढलेला. ओली जमीन हळू निवते. शहराची तुलना गावाशी करायची की ओल्या गव्हाशी, हा प्रश्नच झाला. केंद्र उचलून पडीक तुकड्यात नेलं.

तिसरं कारण मोठं होतं. महालातल्या अ‍ॅनिमोमीटरनं सगळ्या रात्री शून्य दाखवलं. एकही फेरा नाही.

१८ जानेवारी

शून्य वाऱ्याचं की मीटरचं, हे तपासलं. भल्या पहाटे, वारा पूर्ण पडलेला असताना, आउटर रिंग रोडवर मित्राच्या गाडीच्या टपावर मीटर बांधलं, टपापासून मीटरभर वर. मोबाइलच्या जीपीएस वेगाशी फेरे जुळवले, एकदा जाताना आणि एकदा येताना, म्हणजे असलाच थोडा वारा तर सरासरीत निघून जातो. ताशी दहा किलोमीटरच्या वर मीटर चांगलं. खाली घसरत गेलो तशी गडबड. १.२ मीटर प्रति सेकंदाच्या खाली कप हलतच नव्हते. दुकानाच्या पानावर ०.५ लिहिलं होतं.

आता हिवाळ्यातल्या रात्री महालातल्या गल्लीत वारा असतो तो बहुतेक वेळ या १.२ च्या खालीच. म्हणजे ज्या पट्ट्यात सगळा खेळ चालतो, तिथे हे मीटर आंधळं. बेअरिंग रॉकेलनं धुवून हलकं तेल घातल्यावर ०.९ वर आलं. त्यापुढे जाईना. अल्ट्रासॉनिक मीटर हवं होतं, पण त्याच्या किमतीत सगळा प्रकल्प तीनदा होईल.

२६ जानेवारी

सुट्टीत घरीच तोड काढली. दोन बारीक थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारे मणी) घेतले. एकाला थोडा करंट देऊन हवेपेक्षा गरम ठेवायचं, दुसरा हवेचं तापमान सांगतो. वारा आला की गरम थर्मिस्टर निवतो. तो किती निवला त्यावरून वेग. मंद वाऱ्यात हे यंत्र फार चांगलं चालतं. दिशा मात्र सांगत नाही, आणि पावसाचा थेंब पडला की त्याला वादळ समजतं.

त्याला वेग शिकवायचा कसा, यात दोन संध्याकाळी गेल्या. टेबलफॅनसमोर धरून काही होत नाही, तिथली हवा घुसळलेली असते. शेवटी एका शाळेचा वीस मीटरचा बंद व्हरांडा मिळाला. खिडक्या लावल्या, यंत्र काठीवर पुढे धरलं आणि फरशीवर खडूच्या खुणा करून मोबाइलच्या ठेक्यावर चाललो. वीस मीटर चाळीस सेकंदांत म्हणजे अर्धा मीटर प्रति सेकंद. ऐंशी सेकंदांत म्हणजे पाव. शाळेचा शिपाई पाहत होता. त्याला वाटलं कुणाची वरात बसवून राहिलो. पण आकडे सुरेख आले. सामानाचे ३५० रुपये.

४ फेब्रुवारी

दिशेसाठी जुन्या कॅसेटची फीत. वीतभर तुकडा काठीच्या टोकाला बांधला की अगदी किंचित झुळकेलाही सांगतो. अगरबत्तीचा धूर त्याहून बोलका, पण तो पाहायला माणूस जागा लागतो.

एका रात्री गल्लीत आणि गच्चीवर दोन्हीकडे फिती लावून बसलो. गच्चीवरची फीत उत्तरेकडच्या वाऱ्यानं आडवी होऊन फडफडत होती. तीन मजले खाली, गल्लीत, फीत सरळ लोंबकळलेली. मधूनच ती उलट्या दिशेला हलायची, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध. गल्ली तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना नऊ-दहा मीटर उंच घरं. उंची रुंदीच्या पाऊणपट झाली तरी वारा छपरांवरूनच घसरत जातो, इथे तर ती तिप्पट आहे. आत फक्त एक संथ भोवरा फिरत राहतो. सोनेगावचा वारा पाहून महालाच्या गल्लीबद्दल काही बोलायचं असेल तर आधी हे पाहून घ्यावं. इतवारीत सराफ्याच्या मागच्या बोळांतही हेच दिसलं. मात्र जिथे रस्ता वाऱ्याच्याच दिशेनं आहे, तिथे झोत चांगला लागतो. शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

११ फेब्रुवारी

ज्यासाठी हे सगळं मांडलं त्या दोन रात्री मिळाल्या. दोन्ही रात्री आभाळ निरभ्र, दिवसाचं तापमानही जवळपास सारखं. एका रात्री सोनेगावला वारा जवळजवळ पूर्ण पडलेला. दुसरीला रात्रभर सहा ते आठ नॉट.

बिनवाऱ्याची रात्र: पहाटे फेटरी १०.२, महाल १५.४. फरक ५.२ अंश.

वाऱ्याची रात्र: पहाटे फेटरी १४.३, महाल १५.६. फरक १.३ अंश.

फरक चार अंशांनी घटला. पुस्तकातही हेच आहे की वारा वाढला की शहरी उष्णतेचं बेट, म्हणजे भोवतालच्या मानानं शहराचं गरम राहणं, विरघळतं. कॅनडात काम केलेले हवामानशास्त्रज्ञ टी. आर. ओक यांनी शहराच्या लोकसंख्येवरून एक सूत्रही दिलं आहे, किती वाऱ्याला बेट नाहीसं होईल याचं. २०११ च्या जनगणनेतली नागपूरची चोवीस लाख लोकसंख्या त्यात घातली तर उत्तर दहा मीटर प्रति सेकंद येतं. माझ्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी वाऱ्यातच जवळपास सगळं आटोपलं. ते सूत्र लंडन, मॉन्ट्रियल, हॅमिल्टन अशा शहरांवरून बसवलेलं आहे, त्यामुळे त्यावरून मी भांडणार नाही.

भांडण आहे ते माझ्याच आलेखाशी. तीन दिवस मी फक्त फरकाचा आलेख पाहत होतो आणि "वाऱ्यानं शहर थंड केलं" असं मित्रांना सांगूनही टाकलं. मग कच्चे आकडे शेजारी ठेवले. महाल १५.४ वरून १५.६. म्हणजे जिथल्या तिथे. चार अंश सरकलं ते फेटरी, आणि तेही वर! वाऱ्यानं शहर निववलं नाही, गाव गरम केलं.

वजाबाकी केली की कुणी हललं ते दिसत नाही. इथून पुढे मी फरक एकटा कुठेच लिहिणार नाही. दोन्ही जागांचं सूर्यास्ताचं आणि पहाटेचं तापमान, असे चार आकडे लिहीन. त्या दोन रात्रींचे असे आहेत. शांत रात्री फेटरी २५.४ वरून १०.२, म्हणजे १५.२ नं उतरलं, महाल २६.८ वरून १५.४, ११.४ नं. वाऱ्याच्या रात्री फेटरी २५.९ वरून १४.३, ११.६ नं, महाल २६.६ वरून १५.६, ११.० नं. महालाचा उतार दोन्ही रात्री सारखाच.

२२ फेब्रुवारी

वाऱ्यानं गाव गरम कसं होईल, असं फेटरीच्या काकांनी विचारलं. "वारं सुटलं की थंडी वाढते भाऊ, उलटं कसं सांगून राहिले?" अंगाला थंडी वाढते हे त्यांचं बरोबरच. तापमापक मात्र उलटं सांगतो. त्यांना आणि मलाही पटावं म्हणून बांबू उभा केला.

दोन बांबू जोडून आठ मीटर उंची गाठली, चार बाजूंनी ताण दिले. एक सेन्सर दोन मीटरवर, दुसरा टोकाला. दोघांवर एकसारखीच छत्रं, म्हणजे छत्राची चूक दोघांनाही सारखी. पहिल्या रात्री ताणाची एक दोरी कुत्र्यानं चावली आणि बांबू हरभऱ्यात आडवा. सेन्सर वाचला, बशा फुटल्या. तार वापरली.

शांत रात्री: आठ मीटरवर २.८ अंशांनी जास्त. पहाटे काका तिथेच होते, शिडीवर चढून वरच्या हवेत हात घालून आले. वाऱ्याच्या रात्री: वर आणि खाली ०.२ चा फरक, म्हणजे काहीच नाही.

उघड्या वावरात रात्री जमीन आभाळाकडे उष्णता टाकून झपाट्यानं निवते आणि तिला चिकटलेली हवाही निवते. थंड हवा जड असते, ती तळाशी बसून राहते आणि उबदार हवा वर. वारा आला की तो हे दोन्ही थर घुसळतो आणि वरची ऊब खाली येते. महालात असा थंड थर तळाशी साचतच नाही. भिंती, स्लॅब, सिमेंटचे रस्ते दिवसभराची उष्णता रात्रभर सोडत राहतात, आणि अरुंद गल्लीतून आभाळ दिसतं ते एका पट्टीएवढं. घुसळायला वर-खाली फरकच नसेल तर वारा काय घुसळणार.

एक शंका उरते. वाऱ्याच्या रात्री बऱ्याचदा ढगही असतात आणि ढग असले तरी गाव कमी निवतं. म्हणून सोनेगावच्या नोंदीत ढग दिसलेल्या सगळ्या रात्री बाजूला काढल्या. उरलेल्या मोजक्याच, पण त्यातही चित्र हेच.

१५ मार्च

गाडीवर सेन्सर बांधून फेटरी, गोरेवाडा, काटोल नाका, सदर, सीताबर्डी, महाल, इतवारी आणि परत. ही पद्धत जुनी आहे, व्हिएन्नात १९२७ मध्येच मोटारीवर तापमापक लावून शहर मोजलं होतं.

पहिल्या फेरीला स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० लावला. तो नवं तापमान पकडायला मिनिटभर घेतो. ताशी तीस किलोमीटरनं मिनिटात अर्धा किलोमीटर होतो, म्हणजे गोरेवाड्याची थंडी मला पुढे वस्तीत दिसत होती. बारीक मण्याचा उघडा थर्मिस्टर लावला, तो दहा सेकंदांत जागेवर येतो. गाडीच्या पुढे, हेडलाइटच्या वर काठीनं मीटरभर काढला. मागे लावलात तर सायलेन्सर मोजाल. सिग्नलला थांबलेली मिनिटं डेटातून कापायची. पहाटे तीनला कुणी सिग्नल पाळत नाही म्हणा, पण मी पाळले, कारण सदरला गस्तीच्या गाडीनं थांबवून काठीबद्दल बरीच विचारपूस केली. कुत्र्यांबद्दल काय लिहू. तीसचा वेग कायम ठेवणं इतवारीत शक्य झालं नाही, पन्नासवर गेलो.

जाऊन-येऊन सव्वा तास लागतो आणि तेवढ्यात सगळं गावच १.१ अंशानं निवलेलं असतं. फेटरीला सुरुवात करून फेटरीलाच संपवायचं आणि तो उतार वेळेप्रमाणे वाटून द्यायचा. नाहीतर परतीचं काटोल नाका जातानाच्यापेक्षा उगाच थंड दिसतं.

शांत रात्री तापमानाची पायरी काटोल नाक्याशीच होती, काहीशे मीटरमध्ये दोन अंशांहून जास्त चढली. वायव्येकडून वारा असलेल्या रात्री तीच पायरी सदरच्या पुढे सरकलेली आणि बोथट झालेली. म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूच्या वस्त्यांना थोडा फायदा पोचतो. सेमिनरी हिल्स, काटोल रोड, सिव्हिल लाइन्स हे आधीच झाडीचे भाग. महाल-इतवारी वाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे हवा पोचेपर्यंत तिनं अख्खं शहर ओलांडलेलं असतं.

२ एप्रिल

कूलर लागले. गल्लीतल्या केंद्राची आर्द्रता संध्याकाळी सातला वर उडी मारते आणि माझा गरम थर्मिस्टर वारा दाखवतो. समोरच्या घराचा कूलर गल्लीतलीच हवा ओढतो. केंद्र चार मीटर सरकवलं. त्या आधीच्या दहा दिवसांचा गल्लीतला वारा रद्द.

१९ एप्रिल

मामीकडे उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात, त्यामुळे माझं केंद्र आता चादरींच्या मध्ये उभं आहे. रात्री अकराच्या नोंदींत गल्ली आणि गच्ची शांत रात्री जवळजवळ बरोबरीत: ३४.६ आणि ३४.०. वाऱ्याच्या रात्री ३४.१ आणि ३२.३. हिवाळ्यात महालाला वाऱ्याचा उपयोग नाही असं म्हणत होतो, ते गल्लीपुरतं खरं. गच्चीला होतो.

मामी रोज संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारतात. एक दिवस अर्ध्या गच्चीवरच मारायला लावलं. आठ वाजता कोरडा भाग ४१, ओला ३४. पहाटे दोनला दोन्हींत जेमतेम दीड अंशाचा फरक. झोप लागायच्या वेळेला उपयोग आहे, रात्रभराला नाही. वारा असला की पाणी अर्ध्या तासातच उडून जातं, पण तेवढ्यात स्लॅब जास्त निवतो.

हे पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजलं, १,१०० रुपये. सिमेंटवर ठीक चालतं. शेजारच्या टिनाच्या पत्र्यावर धरलं तर रात्री ९ अंश! चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता फारशी दाखवत नाही, थंड आभाळाचं प्रतिबिंब दाखवतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर नेम धरला, तेव्हा २९ आले.

२७ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू. आता सगळी गणितं निराळी. सोनेगावला रात्री दहा-दहा नॉट पश्चिमेचा वारा आहे. पहाटे फेटरी ३१.२, महाल ३२.१. फरकाच्या आलेखावर ही सर्वांत "चांगली" रात्र दिसेल, बेट एका अंशाच्या आत. प्रत्यक्षात दोन्हीकडे माणसं जागी होती. वारा स्वतःच तापलेला होता आणि त्यानं फेटरीचा थंड थर बसूच दिला नाही. काका म्हणाले, "यंदा वावरातही झोप नाही." उष्माघाताचा धोका कोणत्या रात्री जास्त, हे ठरवायला शहर-गाव फरक वापरणाऱ्यांनी असली एक तरी रात्र पाहावी.

फुटाळ्याच्या काठी एक रात्र सेन्सर घेऊन बसलो. संध्याकाळी वारा तळ्यावरून येतो तेव्हा बरं वाटतं. पहाटे मात्र तळ्याचं पाणीच हवेइतकं गरम होतं, वर दमटपणा. त्यात अधिक वेळ घातला नाही.

६ जून

पावसाआधी गाडा आवरला. गरम थर्मिस्टर पावसात टिकणार नाहीत, कार्डांच्या खाचांना गंज दिसू लागला आहे. एकूण खर्च साडेचौदा हजारांच्या घरात, त्यात पेट्रोल मोठं आणि न चाललेल्या वस्तू तीन हजारांच्या. पुन्हा करायचं झालं तर कपवालं मीटर घेणार नाही, आणि बांबू पहिल्या दिवशी उभा करीन. दोन उंचींचे दोन सेन्सर आधी असते तर जानेवारीचा महिना वाचला असता. ज्यांना गाडीच्या फेऱ्या करायला सवड नाही त्यांनी त्या सोडल्या तरी चालेल. दोन मीटर आणि आठ मीटर मात्र सोडू नका.

महालातलं केंद्र उतरवताना मामींनी ते राहू दे म्हटलं, कारण आता त्या रोज रात्री गच्चीवर गाद्या टाकायच्या आधी त्याचा आकडा पाहतात. मी म्हटलं, आकडा नका पाहू, फीत पाहा. फीत ठेवली, बाकी काढलं.

फेटरीचं चालू ठेवतो आहे. पेरणीसाठी ट्रॅक्टर यायचा आहे, म्हणून काकांनी बांबू पडीक तुकड्यातून बांधावर हलवायला लावला. जागा तीसेक मीटर सरकली आणि शेजारी आता बाभूळ आहे. पुढच्या हिवाळ्याचे आकडे या हिवाळ्याशी लावण्याआधी दोन्ही जागांवर एकाच वेळी काही रात्री मोजावं लागेल. त्यासाठी महालातून काढलेला सेन्सर तिकडेच नेतो आहे.